हजेरीपटावरचे भाऊसाहेब

शाळेतलं पोर एक वेळ गप्प बसेल, पण पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस बाकावर बसला की त्याच्या अंगात सहावी ‘ब’ संचारते. पुरावा हवा असलेल्याने २००७ साली महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडासमोरच्या एखाद्या माडीवर डोकवायला हवं होतं. खाली झेरॉक्स आणि रसवंती, वर ‘एमएस-सीआयटी’ची पाटी आणि आत एकेका संगणकासमोर दोन-दोन सरकारी कर्मचारी. संगणकाची परीक्षा ३१ डिसेंबर २००७ पर्यंत पास व्हा, नाहीतर वेतनवाढ विसरा, असा शासनाचा हुकूम होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तिथे दिवसभर राबलेली माणसं आपण होऊन यायची. इथे यायला शासन निर्णय लागला.

आमच्या बॅचचं भूषण म्हणजे भाऊसाहेब. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. सफारी, खिशाला तीन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. पहिल्या दिवशी आले ते वीस मिनिटं उशिरा, आणि दारातूनच त्यांनी आपण मुळात इथे का नसायला हवं याचा खुलासा सुरू केला. पन्नाशी ओलांडलेल्यांना या परीक्षेतून सूट होती. भाऊसाहेब कागदोपत्री अठ्ठेचाळीसचे. “पण ती तारीख खरी नाही हो. १ जून! गुरुजींनी नाव घालताना टाकून दिली.” यात खोटं काहीच नव्हतं. त्या वर्गातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच होता. आईला विचारलं तर ती सांगायची, मोठा पूर आला त्या साली झाला, ज्वारी पोटऱ्यात होती. स्वतःचं वय दोन वर्षांनी वाढवून सांगणारा सरकारी नोकर मी तेव्हा प्रथमच पाहिला. निवृत्तीचा विषय निघाला की तीच १ जून त्यांना पुन्हा खरी वाटायची, ही गोष्ट वेगळी.

त्यांनी शेवटचा बाक धरला. शेजारी तलाठी तात्या. पुढच्या बाकावर आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर, ज्या सगळं वहीत लिहून घेत आणि म्हणून मागच्या बाकाच्या पहिल्या दिवसापासून नावडत्या झाल्या. शिकवायला बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. भाऊसाहेब तिला तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि तात्यांच्या कानात ‘आमच्या थोरलीएवढी आहे’ असं सांगत. काही अडलं की तिला विचारण्याऐवजी ते उलट तिलाच प्रश्न टाकत : “बाकी सगळं ठीक आहे मॅडम, पण लाइट गेल्यावर ह्याचं काय?” लाइट तेव्हा रोजच जायची. त्यामुळे प्रश्न बिनतोड असायचा आणि वर्ग हसायचा.

मोबाइल हा त्यांचा दुसरा आधार. विठ्ठलाच्या गजराची रिंगटोन, आवाज पूर्ण. तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली की पांडुरंग धावून येई. भाऊसाहेब तोंडाशी हात धरून, तरीही खालच्या रसवंतीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “हां सरपंच, मीटिंगमध्ये आहे.” क्लासला आहे, असं ते कधीच म्हणाले नाहीत. गावात त्यांनी जिल्ह्याला ट्रेनिंग असल्याचं सांगून ठेवलं होतं. ज्याच्या सहीशिवाय कुणाच्या घराची नोंद होत नाही, त्याला माऊसचं उजवं बटण कुठलं आणि डावं कुठलं हे सापडत नाही, ही बातमी गावात जाऊन चालणार नव्हतं. उशीर, फोन, कोट्या, चहाची घाई, हे सगळं त्या एका भीतीवरचं पांघरूण होतं. पोराला येत नाही तेव्हा ते रडतं. मोठ्या माणसाला येत नाही तेव्हा तो म्हणतो, ह्या मशिनीत काही दम नाही.

अमेरिकेत माल्कम नोल्स नावाचे शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. त्यांनी १९७३ साली प्रौढ विद्यार्थ्यावर पुस्तक लिहिलं आणि नावातच त्याला ‘दुर्लक्षित प्रजाती’ म्हटलं. दुर्लक्षित! आमच्या माडीवर एक दिवस बसले असते तर दुर्लक्ष कसं करावं यावर त्यांनी दुसरं पुस्तक लिहिलं असतं. मात्र मोठ्या माणसाला ‘हे का शिकायचं’ ते आधी पटावं लागतं, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं. मॅडमनी नोल्स वाचले असण्याची शक्यता नव्हती, पण त्यांच्या घरात वडील, दोन काका आणि एक आत्या होती. तेवढा अनुभव पुरतो.

दुसऱ्या आठवड्यात मॅडम नियमांचा कागद भिंतीवर चिकटवतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि तो फाडायचा कसा यावर मागच्या बाकाचं एकमतही झालं होतं. त्यांनी कागद आणलाच नाही. म्हणाल्या, “नियम तुम्हीच ठरवा. भाऊसाहेब, तुम्हाला सभेचं कामकाज येतं. तुम्ही लिहून घ्याल का?”

झालं. भाऊसाहेबांनी बॅगेतून फूलस्केप काढला, समास पाडला, वर ‘श्री’ लिहिलं आणि विचारलं, “अध्यक्ष कोण?” सिस्टरांना अध्यक्ष केलं. ठराव क्रमांक १ : वर्ग वेळेवर सुरू करणेबाबत. ठराव क्रमांक २ : भ्रमणध्वनी बंद ठेवणेबाबत. ठराव क्रमांक ३ : एकाने माऊस अडवून न ठेवणेबाबत. ठराव क्रमांक ४ : न समजलेले पुन्हा विचारल्यास कोणीही न हसणेबाबत. हा चौथा कुणी मांडला ते इतिवृत्तात आहे, पण मी सांगणार नाही. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. माडीवर इतकी शांतता पहिल्यांदाच झाली होती, कारण भाऊसाहेब इतिवृत्त लिहीत असताना बोलायची तालुक्यात कुणाची छाती नव्हती.

आणि माणूस स्वतःच्याच कागदात अडकला. दुसऱ्या दिवशी पांडुरंग धावून आला तेव्हा सिस्टर मागे न वळता म्हणाल्या, “ठराव क्रमांक २.” भाऊसाहेबांनी फोन असा बंद केला की सरपंचांना वाटलं, टॉवर पडला. पुढे एकदा उशीर झाल्यावर त्यांनी कायद्याचा किस काढून पाहिला. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. या न्यायाने परवाची ठरावाची सभाच मुळात वैध होती का? “तात्या तेव्हा चहाला गेले होते.” मॅडम म्हणाल्या, “मग आजची तहकूब सभा समजू. आता गणपूर्ती लागत नाही ना?” भाऊसाहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं. या मुलीला पंचायत विस्तार अधिकारी करायला हवं, असं ते चहाच्या टपरीवर म्हणाले.

माऊसचं मात्र अडलेलंच होतं. बाण एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला, आणि दोनदा टिचकी मारायची म्हटलं की मधे एक शिंक बसेल इतकं अंतर. मॅडमनी एका संध्याकाळी पडद्यावर पत्ते उघडून दिले. विंडोजमधला सॉलिटेअर. एकट्याने खेळायचा डाव. पत्ता धरायचा, ओढायचा, जागेवर सोडायचा. भाऊसाहेबांनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग चष्मा चढवला. बदामची राणी किलवरच्या राजावर बसली तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. त्या दिवशी तास संपला, रसवंतीचं घुंगरू थांबलं, शेवटची एस.टी. लागली, तरी भाऊसाहेब उठेनात. मनगटात वात आहे म्हणून आठ दिवस सवलत मागणारा हाच तो हात.

पण खरा चमत्कार एक्सेलमध्ये झाला. पुस्तकातलं उदाहरण कुठल्या तरी कंपनीच्या विक्रीचं होतं, आणि ती कंपनी बुडाली असती तरी आमच्यापैकी कुणाला सुतक नव्हतं. मॅडमनी ते बाजूला ठेवलं आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, “तुमचा नमुना ९ आणा.” म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीच्या मागणीची नोंदवही. दर मार्चला जिच्यापायी त्यांचं जेवण पालथं पडायचं, ती. त्यांनी एका पानाची नावं आणि रकमा एका बोटाने भरल्या, मागील बाकी, चालू मागणी, एकूण. मॅडमनी खालच्या चौकटीत बेरीज लावली. आकडा आला.

भाऊसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी कॅल्क्युलेटर काढून तीच बेरीज केली. मग कॅल्क्युलेटरवरही विश्वास न बसून पेनाने, ओठ हलवत, हातचे धरत केली. तिन्ही आकडे जुळले. मग एका घराची रक्कम मुद्दाम बदलून पाहिली. खालची बेरीज आपोआप बदलली. तेव्हा ते मॅडमकडे वळले आणि ज्या सुरात आजवर फक्त ग्रामस्थ त्यांच्याशी बोलत आले होते त्या सुरात म्हणाले, “पोरी, हे मार्चच्या आधी का नाही सांगितलंस?”

त्यानंतर ते वेळेच्या आधी येऊ लागले. शेवटचा बाक सुटला, पुढचा मिळाला, सिस्टरांशी ‘हे सेव्ह कुठं झालं’ यावरून वाद होऊ लागले. तात्या मागे एकटे पडले आणि त्यांनी झोप हा नवा मार्ग स्वीकारला. त्याबद्दल ठराव नव्हता.

डिसेंबरात परीक्षा झाली. मशिनीवरच प्रश्न, मशिनीवरच उत्तरं, आणि वेळ संपताच पडद्यावर निकाल. भाऊसाहेब पास. आम्ही टाळ्या वाजवल्या, मॅडमनी पेढे आणले होते. भाऊसाहेबांनी पेढा हातात धरूनच पडदा वरून खाली वाचला आणि मान हलवली.

“ह्याच्यावर सही-शिक्का कुठाय? असं कुणीही म्हणेल पास म्हणून.”

मॅडमनी निमूट त्या पानाची प्रिंट काढली, खाली सही केली, केंद्राचा गोल शिक्का मारला. भाऊसाहेबांनी शिक्का नीट उठला आहे का ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, कागदाची बरोबर मधोमध घडी घातली, बॅगेत ठेवता ठेवता थांबले आणि म्हणाले,

“मॅडम, जावक क्रमांक राहिला.”