सैल पोर्टाचे उपकार

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. पनवेल-रोहा मार्गावरच्या आपट्यात त्यांची चोख अंमलबजावणी केली ती एका ब्लूटूथ स्पीकरच्या चार्जिंग पोर्टाने. बोर्डावरचा सोल्डरचा डाग सुटला, केबल तिरकी धरल्याशिवाय चार्जिंग होईना, आणि आळी झोपली.

अशा कर्तव्यदक्ष पोर्टाला पुन्हा डाग देणे हा सरकारी कामात अडथळाच. शासनाने कारखान्यांना कच्चे सोल्डरिंग सक्तीचे करावे, सोल्डरिंग गनला शस्त्रपरवाना लावावा आणि दुरुस्ती करणाऱ्यांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घ्यावी.

स्पीकरच्या मालकाने मात्र दुरुस्तीचा नाद सोडला आहे. हळदीला तो डीजे आणतोय. त्याला चार्जिंग लागत नाही, जनरेटर सोबत येतो.