कूस कोण बदलणार?

सिंधुदुर्गातल्या इन्सुली गावात घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की पैशाच्याही आधी एक प्रश्न येतो: 'ह्यां सगळां करतलो कोण?' मुलगा मुंबईत, नाहीतर पत्रादेवीपलीकडे गोव्यात कामाला. घरात सून, किंवा स्वतःच सत्तरी गाठलेली बायको. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंग पुसायचं, भरवायचं, रात्री चारदा उठायचं. सरकारी मदतीची पात्रता ठरवताना यातलं काहीही विचारात घेतलं जात नाही. वय किती, उत्पन्न किती, अपंगत्व किती टक्के, एवढंच बघतात.

वृद्धांना दरमहा पैसे देणारी राज्याची श्रावणबाळ योजना घ्या. वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. घरातला एक माणूस महिन्यात दहा दिवस जरी मजुरीला गेला, तरी खऱ्या हिशेबाने ते घर बाद होतं. उत्पन्नाचा खरा दाखला काढला तर मदत बुडते आणि मदत हवी तर आकडा खोटा लिहावा लागतो. गरिबाला खोटं बोलायला लावणारी ही अट आजच बदलायला हवी.

एवढं करून हातात पडतात महिन्याला १५०० रुपये. दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ते २५०० केले, हे चांगलंच झालं. पण त्यासाठी आधी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि उठता न येणाऱ्या माणसाला तपासणीसाठी गाडी करून सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं.

२०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना एकदाच ३००० रुपये देते. त्यातून कमोड खुर्ची येईल, तिच्यावर बसवणारे हात येणार नाहीत. आयुष्मान कार्डावर सत्तरीपुढच्या प्रत्येकाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि उत्पन्नाची अटही नाही. पण तो खर्च दवाखान्यात दाखल झालेल्याचा. घरी आणलं की पुढची सगळी वर्षं घरच्या बाईच्या अंगावर. तिची मजुरी बुडते, काजूच्या हंगामातले चार पैसे जातात, तिची स्वतःची कंबर जाते. त्याची कुठल्याच कागदावर नोंद नाही.

कायदा तरी गप्प आहे का? नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. मात्र त्याच कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही पळवाटही आहे. केरळने कायद्याची वाट पाहिली नाही. तिथे 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी आहे, पण सेवा करणारं माणूस निदान सरकारच्या यादीत आलं. जर्मनीत १९९५ पासून काळजी विमा आहे. त्यासाठी पगारातून वर्गणी कापतात, पण मदत ठरवताना गरिबी मोजत नाहीत. अंघोळ, जेवण, चालणं स्वतःचं स्वतः किती जमतं हे तपासून पाच श्रेणी लावतात. मोजमाप असंच हवं.

महाराष्ट्राने तीन गोष्टी कराव्यात. २१,००० ची मर्यादा आजच्या मजुरीला धरून वाढवावी. अंथरुणावरच्या माणसाची तपासणी त्याच्या घरी करावी. आणि काळजीवाहक भत्ता थेट सेवा करणाऱ्याच्या खात्यात द्यावा.

तोवर इन्सुलीकरांनो, पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती आणि त्यांचं करतं कोण, याची वाडीवार यादी. ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, २०१० पासून, अशा रुग्णांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांनी भेट देण्याची तरतूद आहे. यादी हातात घेऊन ती भेट मागा. हा तुमचा हक्क आहे.