देवराष्ट्र्याची यमुना

25 जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन. निवडणूक आयोग 1950 साली याच तारखेला स्थापन झाला, म्हणून 2011 पासून हा दिवस पाळला जातो. शाळा-कॉलेजांत, तहसील कचेरीत हात पुढे करून शपथ घेतात. या शपथेच्या कार्यक्रमांत एक गोष्ट मी अजून एकदाही ऐकलेली नाही, आणि सातारा-सांगलीत तर ती सगळ्यात आधी सांगायला हवी. 25 जानेवारी हा रमाबाई रानड्यांचा जन्मदिवस. साल 1862, गाव देवराष्ट्रे.

गाव तेव्हा साताऱ्यात होतं. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे रमाबाईंवर हक्क सांगायला दोन जिल्हे आहेत, आणि दोघेही गप्प आहेत.

टपाल खातं मात्र विसरलं नव्हतं. जन्मशताब्दीला, ऑगस्ट 1962 मध्ये, त्यांचं तिकीट निघालं. 15 नव्या पैशांचं. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, त्यांचाही जन्म देवराष्ट्र्याचाच. यशवंतरावांचं गाव म्हणून देवराष्ट्रे सगळ्यांना ठाऊक आहे. तिकिटावरची बाई कुणाची लेक, हे किती जणांना सांगता येईल?

सेवासदन, मुलींची शाळा, न्यायमूर्ती माधवराव रानड्यांची पत्नी, एवढ्यावर आपण रमाबाईंना आटोपतो. मताचा हक्क गाळतो. 1919 च्या कायद्याने बायकांना मत द्यायचं की नाही हे प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवलं. मुंबई इलाख्यात ही मागणी लावून धरणाऱ्यांत रमाबाई पुढे होत्या. 1921 साली आधी मद्रासने आणि मागोमाग मुंबईने ती मान्य केली. तेव्हा रमाबाई साठीला टेकलेल्या होत्या. खुद्द इंग्लंडमध्ये त्या वेळी तिशी न गाठलेल्या बाईला मत नव्हतं!

अर्थात आपल्याकडे मिळालेलं मतही मोजकंच. मालमत्ता किंवा कराची अट होती. घर नवऱ्याचं, सातबारा नवऱ्याचा, तिथे शेतात राबणारीच्या वाट्याला मत कुठून येणार? ती अट सगळ्यांसाठी उठली ती थेट राज्यघटनेने.

आणि तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या. कारण? त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला. बहुतेक बायका उत्तरेकडच्या आणि मध्य भारतातल्या होत्या, पण म्हणून आपण निर्धास्त होऊ नये. मला सेन यांचा निर्णय कठोर वाटतो आणि बरोबरही वाटतो. मत नावाला असतं, नात्याला नसतं.

रमाबाईंचं माहेरचं नाव यमुना. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि कुर्लेकरांची यमुना रानड्यांची रमा झाली. लग्नाच्याच रात्री माधवरावांनी त्या पोरीला विचारलं होतं, माझं नाव काय, माहीत आहे का? तिने ऐकलं होतं तसं नाव सांगून टाकलं. ज्या काळात नवऱ्याचं नाव बाईच्या ओठावर येत नसे, त्या काळात! आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्याच रात्री पाटीवर अक्षरंही सुरू झाली.

नावाचं हे दुखणं साताऱ्याला चांगलं ठाऊक आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचं नाव ठेवायचं नकुशी. 2011 च्या ऑक्टोबरात जिल्ह्यातल्या अशा 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. पहिला मतदार दिन झाला त्याच वर्षी. तेव्हा शाळेत असलेल्या त्यातल्या कित्येक जणी आज मत द्यायच्या वयाच्या आहेत.

म्हणून येत्या 25 जानेवारीला एवढं करा. दोन्ही जिल्ह्यांची शपथ देवराष्ट्र्यात घ्या. ते तिकीट मोठं करून व्यासपीठावर लावा, खाली यमुना आणि रमाबाई ही दोन्ही नावं लिहा. आणि त्या 285 मधल्या येतील तेवढ्यांना पहिल्या रांगेत बसवून मतदार यादीतलं आपापलं नाव माईकवर मोठ्याने वाचायला सांगा.