आठवडे मोजणारी मंडळी

आपल्याकडे सातबारा वेळेवर मिळत नाही, पेन्शन मिळत नाही आणि कोर्टाचा निकाल ऐकायला नातवंडं लागतात. अख्ख्या देशात काटा चोख चालतो तो एकाच ठिकाणी, बाईच्या पोटावर.

तोही सुरू होतो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवशी, म्हणजे गर्भ राहण्याच्या साधारण दोन आठवडे आधीच. पाळी चुकली म्हणून ती मेडिकलमधून किट आणते, तोवर चार आठवडे खर्ची पडलेले.

1971च्या गर्भपात कायद्याने वीस आठवड्यांची मुदत घातली. पुढे सोनोग्राफी आली आणि गर्भातलं व्यंग मुदत संपता संपता दिसू लागलं. 2008 साली मुंबईतलं एक जोडपं, गर्भाच्या हृदयात दोष आहे म्हणून, चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास उच्च न्यायालयात गेलं. नकार मिळाला. ठरावीक स्त्रियांपुरती मुदत चोविसावर न्यायला 2021 उजाडलं. त्यातलं जवळजवळ वर्षभर विधेयक लोकसभेतून राज्यसभेत पोहोचत होतं. या उशिराबद्दल कुणाला वैद्यकीय मंडळापुढे उभं केल्याचं ऐकिवात नाही.

2023चा ऑक्टोबर घ्या. दोन मुलांची आई, धाकटं अंगावर पिणारं. पाळीच येत नव्हती, त्यामुळे दिवस गेल्याचं कळलं उशिरा. सव्विसाव्या आठवड्याच्या आसपास. सर्वोच्च न्यायालयाने 9 तारखेला परवानगी दिली. एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, गर्भाचे ठोके आधी थांबवायचे का? 11 तारखेला दोन न्यायमूर्तींची दोन मतं झाली, 16 तारखेला तिघांच्या पीठाने नकार दिला. मत बदलायला न्यायालयाला आठवडा लागला तर तो विवेक. तिला लागला असता तर बेजबाबदारपणा.

एम्सचा प्रश्न खोटा नव्हता. त्या वयाचा गर्भ बाहेर जगू शकतो आणि दिवसागणिक त्याची बाजू जड होत जाते, हे मान्य. मर्यादा हवीच. पण मग याच कायद्यात, गर्भात गंभीर व्यंग निघालं आणि डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाने मान्य केलं, तर चोविसानंतर मर्यादाच नाही, हे कसं? बलात्कारातून राहिलेला गर्भ धडधाकट असेल तर मात्र चोविसानंतर कोर्टाची पायरी. म्हणजे जिवाचं मोल ठरतं ते आठवड्यांवर नव्हे, तब्येतीवर. हा हिशेब मोठ्याने बोलून दाखवायला मात्र कुणी तयार नाही.

मुदत न्याय्य ठरते ती एकाच अटीवर: मुदतीच्या आत दार उघडं हवं. तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नसेल, असेल तो 'नवऱ्याची सही आणा' म्हणत असेल (कायदा सज्ञान बाईखेरीज कुणाचीही संमती मागत नाही), तर वाया गेलेले आठवडे तिच्या नावावर कसे टाकता? मत द्यायला मंडळाला नियमाने तीन दिवस दिलेत. न्यायालयाला मुदतच नाही.

तेव्हा एक नम्र सूचना. अर्ज आला त्या दिवशी किती आठवडे होते आणि निकाल लागला त्या दिवशी किती, हे दोन्ही आकडे निकालपत्राच्या पहिल्याच ओळीत छापा. त्यांच्यातला फरक मांडून खाली उशीर करणाऱ्याची सही घ्या. नवऱ्याची नको.