झाकली मूठ, सव्वा लाखाचा प्लॉट

कागद राखावा तर इंग्रजांनी, असं आपल्याकडे अजून मानतात. कोणत्या जमिनीवर पूर्वी प्रदूषण करणारे कोणते उद्योग चालले, याच्या जाहीर नोंदवह्या पालिकांनी ठेवाव्यात, अशी तरतूद ब्रिटनच्या संसदेनं 1990 साली केलीही. मग लक्षात आलं, की नोंदवही लोक वाचतील! घरांचे भाव पडतील! 1993 मध्ये सरकारनं बेत गुंडाळला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तीही पौंडांत.

त्याच 1990 मध्ये स्कॉटलंडच्या डॅल्गेटी बे इथल्या किनाऱ्यावर रेडियम सापडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर शेजारच्या लष्करी विमानतळावर जुनी विमानं मोडली, त्यांतल्या रेडियम लावलेल्या, अंधारात चमकणाऱ्या तबकड्या जाळल्या आणि राख किनाऱ्याला लोटली. पुढे तिथे टुमदार वसाहत उभी राहिली. किरणोत्सर्गानं दूषित जमीन म्हणून किनाऱ्याची रीतसर नोंद करू, असा इशारा स्कॉटलंडच्या पर्यावरण संस्थेनं दिला, तेव्हा संरक्षण खातं खडबडून जागं झालं. रेडियमची इतकी धास्ती त्याला कधी वाटली नव्हती. आराखडे देतो, पाहणी करतो, पण यादीत नाव नको! (आपल्या सरकारी खात्यांनी शिष्टमंडळ पाठवून शिकावं असं हे कसब.) जबाबदार कोण, हे संस्थेनं अधिकृतपणे सांगितलं 2013 मध्ये. सफाई संपली 2023 मध्ये.

तिकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींनी दूषित ठरलेल्या जमिनींची यादी जरूर पाहावी. मग शेजारच्या आजोबांना विचारावं, इथे आधी काय होतं?