लिहिलाय, कालनिर्णयवर

घाटकोपरला राहणाऱ्या माणसाला पाहुणा टळत नाही. 8 जून 2014 ला वर्सोव्याहून निघालेली मेट्रो आमच्या स्टेशनाला येऊन टेकली, तेव्हापासून तर मुळीच नाही. अंधेरीला मुलाखत असो की साकीनाक्याला साखरपुडा, मध्य रेल्वेने आलेल्या नातेवाइकाला घाटकोपरला उतरून तो पूल चढावाच लागतो. आणि उतरलोच आहोत तर पंतनगर काय, चालत दहा मिनिटं! रिक्षाने गेलं तर वीस.

पूर्वी पाहुण्याला आल्या आल्या पाणी लागायचं. आता तो एका हाताने चप्पल काढतो, दुसऱ्या हाताने भिंतीवर प्लगपॉइंट शोधतो आणि चार्जिंगची सोय झाली की मगच घरातल्या माणसांकडे बघतो. वयस्कर पाहुणे आडून विचारतात, "नेट बरं चालतं का हो तुमच्याकडं?" तरुण पाहुणे सरळ विचारतात. सांगलीहून बहीण, दाजी आणि भाचा एका लग्नासाठी आले, तेव्हा भाच्याने वाकून नमस्कार केला आणि वर येता येताच विचारलं, "मामा, पासवर्ड काय आहे?"

त्याला रात्री बाराच्या आत कॉलेजचा कसलासा प्रोजेक्ट पाठवायचा होता. रोजचा दीड जीबी डेटा त्याने गाडीत कराडच्या अलीकडेच संपवला होता.

वायफायचा पासवर्ड ही रोजच्या वापरातली वस्तू असून रोज न लागणारी एकमेव वस्तू असावी. एकदा फोनला सांगितला की फोन तो गिळून बसतो आणि पुन्हा कधी विचारत नाही. माझ्या फोनला तो माहीत होता. टीव्हीलाही माहीत होता. पण टीव्हीला विचारलं तर तो नुसते ठिपके दाखवत होता. रांगोळी अर्धी टाकून कोणी उठून जावं तसे. भाचा म्हणाला, सोपं आहे, तुमच्या फोनमधून क्यूआर कोड काढू. ही सोय अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 नंतरच्या फोनांत आहे. माझा फोन त्याच्या आधीचा. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि अतिशय आदराने परत दिला. हिचा फोन नवा कोरा, आदल्याच दिवशी आणलेला. जुना एक्स्चेंजमध्ये गेलेला. म्हणजे तोही भाच्यासारखाच पासवर्ड विचारत उभा. माझ्या मोबाइलवरून हॉटस्पॉट द्यावा, तर माझं रिचार्ज फक्त बोलण्यापुरतं. घरी वायफाय असताना डेटाला पैसे कशाला घालायचे, हे आमच्या घरचं अर्थशास्त्र.

लॅपटॉपवर एक आज्ञा टाइप केली की विंडोज साठवलेला पासवर्ड उघडा करून दाखवतं, हे भाच्याला ठाऊक होतं. 'नेटश' अशा शिंकेसारख्या अक्षरांनी ती सुरू होते. पण लॅपटॉप ऑफिसचा. त्याने ॲडमिनची परवानगी मागितली. ॲडमिन आमच्या ऑफिसात आठवडाभर दिसत नाही, शनिवारी रात्री कुठून दिसणार?

"राउटरच्या खाली स्टिकर असतो," दाजी म्हणाले. दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यांना कुठल्याही यंत्राचा तळ आधी बघायची सवय आहे. राउटर शोकेसच्या वर. खाली काढला. स्टिकर होता, पण आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा मनापासून होते. फ्रिज, मिक्सर, स्कूटर आणि 2020 पासून राउटरसुद्धा. आई गंध जरा सढळ हाताने लावते. स्टिकरवरच्या बारीक अक्षरांवरून हळदकुंकवाचे ओघळ गेले होते, झेंडूची एक पाकळी डिंक लावल्यासारखी चिकटली होती, आणि तिच्याखाली जे काही छापलेलं होतं ते आता फक्त देवालाच वाचता आलं असतं. शिवाय कारखान्याने दिलेला पासवर्ड मुलाने केव्हाच बदलला होता, तेव्हा दोष आईकडे जात नाही.

भाच्याने सेफ्टी पिन मागितली. राउटरच्या पाठीला एक भोक असतं, त्यात टोक घालून थोडा वेळ दाबून धरलं की तो सगळं विसरतो आणि जन्मला तसा होतो. हे ऐकून ही पिन आणायला निघालीच होती, पण मी आडवा पडलो. कारण राउटर सगळं विसरतो म्हणजे खरोखरच सगळं विसरतो. नेटवाल्याने आत भरलेलं त्याचं युजरनेम, त्याचा वेगळा पासवर्ड, सगळंच. मग वायफाय दिसतं पण त्यातून नेट येत नाही, आणि नेटवाल्याचा पोरगा "आता येतो काका" म्हणतो. आमच्याकडे इंटरनेट गच्चीवरून येतं. या बिल्डिंगच्या टाकीवरून त्या बिल्डिंगच्या टाकीवर अशी त्या वायरी पसरलेल्या आहेत, आणि पंतनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून रीडेव्हलपमेंटला जात असल्यामुळे मधली एखादी बिल्डिंगच नाहीशी होते. तेव्हा "आता येतो" याचा अर्थ टॉवर उभा राहिल्यावर येतो, असाही असू शकतो.

शेवटी बंगळुरूला मुलाला फोन लावला.

"बाबा, मी लॉकडाउनच्या आधीच बदलला होता. आईला फोनवर सांगितला होता. आई म्हणाली, लिहून ठेवते."

सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही शांत होती. "लिहिलाय," ती म्हणाली. "कालनिर्णयवर."

"कुठल्या?"

"अहो, तुम्हाला डेंग्यू झाला होता त्या."

साळगावकरांनी 1973 मध्ये कालनिर्णय काढलं ते तिथी, सण आणि मुहूर्तांसाठी. पण मराठी घराचा खरा दफ्तरखाना तोच. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, बाईची सुट्टी, कोणाला किती उसने दिले, सगळं त्या चौकोनांत. वर्ष संपलं की ते दफ्तर रद्दीत जात नाही, स्वयंपाकघराच्या मांडणीवर अंथरलं जातं. म्हणून आमचा शोध आता तांत्रिक राहिला नाही. दाजींनी बाह्या सरसावल्या. एकेक डबा उतरला. पोह्यांच्या खाली मार्च निघाला, साबुदाण्याखाली श्रावण, तोही भलत्याच वर्षाचा. एका पानाच्या मागच्या बाजूला वड्यांची पाककृती निघाली, ती बहीण उभ्याउभ्याच वाचत राहिली. मसाल्याच्या डब्याखाली, हळदीच्या गोल डागाच्या काठावर, 17 तारखेच्या चौकोनात, 'दूध नाही' याच्या वरच्या अंगाला निळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'वायफाय – बाप्पा मोरया ॲट 75. बी मोठा.'

देवनागरीत!

75 समजलं, आमचा पिनकोड 400075 आहे, मुलाने शेपूट तोडून घेतलं होतं. 'बी मोठा' हेही समजलं. पण मराठी देव इंग्रजी अक्षरांत एकाच प्रकारे कधी बसले आहेत? बाप्पातला 'पी' एक की दोन? मोरया लिहिताना 'आर'नंतर 'ए' घालायचा की थेट 'वाय'? 'एम' मोठा की छोटा? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ शक्यता. त्यात मधली मोकळी जागा धरली तर सोळा. भाचा टाइप करायचा, फोन नकार द्यायचा, दाजी "दुसरा घे" म्हणायचे. 'ॲट'च्या चिन्हाबद्दल कोणालाच शंका नव्हती.

ती का नव्हती याला एक कारण आहे, आणि ते कारण अमेरिकेत आहे. तिथल्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी 2003 मध्ये एक मार्गदर्शिका लिहिली. पासवर्डमध्ये मोठी अक्षरं हवीत, छोटी हवीत, आकडे हवेत, चिन्हं हवीत, आणि तो अधूनमधून बदलावा, हा जाच जगभर पसरला तो त्यातून. 2017 मध्ये निवृत्तीनंतर त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. मधल्या चौदा वर्षांत जगाने एक 'ॲट' आणि मागे 1-2-3 लावून नियम पाळल्याचं समाधान मिळवलं होतं. या सगळ्या प्रकाराचं मूळ त्याहून जुनं. 1961 च्या सुमारास एमआयटीत एकच अगडबंब संगणक होता आणि वापरणारे पुष्कळ. ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनी प्रत्येकाला एकेक पासवर्ड दिला. 1962 मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला वेळ पुरत नाही म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. म्हणजे पासवर्डाचं बारसं आणि फजिती जवळपास एकाच हंगामातली. खुद्द कॉर्बाटो म्हातारपणी आपले पासवर्ड कागदावर लिहून ठेवत. हे मी हिला सांगायला नको होतं. "मग?" एवढंच म्हणून तिने साबुदाण्याचा डबा जागेवर ठेवला.

आई इतका वेळ पलंगावर बसून सगळं बघत होती. तिला या धडपडीचा अर्थच लागेना. आमच्या आधीच्या घरी फोन नव्हता तेव्हा तळमजल्यावरच्यांचा नंबर आम्ही लग्नपत्रिकेवर 'पी.पी.' लिहून बिनधास्त छापला होता. एमटीएनएल 1986 ला निघालं तरी फोनसाठी लावलेला नंबर यायला वर्षानुवर्षं लागत. तोवर अख्खा जिना एकाच फोनवर जगायचा, आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते आजाऱ्याच्या आधी तळमजल्याला कळायचं. "शेजारी विचारा की," आई म्हणाली. आम्ही सगळे हसलो. आपल्या घराचा पासवर्ड शेजारी कसा विचारायचा?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बेन हांडवो घेऊन आल्या. पाहुणे आल्याचं त्यांना चपलांवरून कळतं. मांडणीतले डबे जमिनीवर, राउटर आईच्या मांडीवर आणि भाचा घामाघूम हे दृश्य पाहून त्या दारातच थांबल्या.

"काका, शुं थयुं? एवढ्यासाठी मांडणी काढली? मला विचारायचं ने!"

त्यांनी जिन्यात तोंड करून नातवाला हाक मारली. नातू पाचवीत आहे. तो जिन्यातूनच ओरडत खाली आला: "बी कॅपिटल, ए, पी, पी, ए, एम, ओ, आर, वाय, ए, ए, टी, सेव्हन, फाइव्ह!"

"ॲटचं चिन्ह कुठाय?" भाचा.

"चिन्ह नाय. ए आणि टी. स्पेलिंगवालं ॲट."

म्हणजे ही फोनवर जे ऐकलं ते बरोबर लिहून बसली होती, आणि आम्ही चौघं शिकलेले त्यात बर साहेबांचं चिन्ह घुसवत होतो. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजही नव्हती.

पासवर्ड याला कसा माहीत? "वॉचमन अंकलने दिला." वॉचमनला आमच्याच मुलाने दिला होता, 2020 च्या लॉकडाउनमध्ये, जौनपूरला बायकोपोरांना व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून. तेव्हा हा नातू ज्युनिअर केजीत होता आणि त्याची शाळा फोनमध्ये भरत होती; शिष्य म्हणून तो वॉचमनकडे गेला. पुढची वंशावळ विचारायची मला हिंमत झाली नाही, पण भाच्याला झाली. प्रोजेक्ट पाठवून झाल्यावर तो राउटरच्या पोटात शिरला. 192.168.1.1 हा पत्ता, नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. बाहेरच्या दाराला एवढं कुलूप आणि आतलं कपाट सताड उघडं! तिथे जोडलेल्या यंत्रांची यादी असते. ती बोटाने बरीच खाली सरकवावी लागली. बेनचा टीव्ही. वॉचमनचा फोन. इस्त्रीवाल्याचा फोन, आणि त्याच्या भावाचाही. तळमजल्यावरच्या ट्यूशन क्लासचे दोन टॅब. आणि सर्वांत खाली, अखंड चालू, एक कॅमेरा.

"मामा, तुमच्याकडे सीसीटीव्ही आहे?"

आमच्याकडे नाही. सोसायटीकडे आहे. गेटवर.

इथे सेक्रेटरींबद्दल थोडं सांगायला हवं. 2008 मध्ये स्फोटांच्या धमकीचे ईमेल कोणाच्या तरी उघड्या वायफायवरून पाठवले गेले. आधी सानपाड्याहून, मग माटुंग्याच्या एका कॉलेजातून, मग थेट शेजारी चेंबूरहून. ज्यांचं वायफाय त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्यांच्या दारात गेले. पुढच्याच वर्षी मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधायला निघाले. सेक्रेटरींनी ते फार मनावर घेतलं. वायफायला पासवर्ड ठेवावा व तो कोणासही देऊ नये, आदेशावरून, अशी सूचना आमच्या फळ्यावर तेव्हापासून आहे. दर वर्षी खडूने गिरवली जाते. त्या फळ्याच्या बरोबर वरच तो कॅमेरा बसवलेला आहे.

दाजींना हे अजिबात पटलं नाही. सांगलीत असं चालत नाही म्हणाले. बिल तुम्ही भरणार, पाणी सगळ्या कालव्याला. त्यांनी भाच्याला हुकूम सोडला, आत्ताच्या आत्ता नवा पासवर्ड टाक, चांगला लांब. वायफायचा पासवर्ड 63 अक्षरांपर्यंत चालतो हे भाच्याने सांगितल्यावर तर दाजींना स्फुरणच चढलं. भाच्याने रकाना उघडला, कर्सर लुकलुकायला लागला, बेन हांडव्याची ताटली रिकामी होण्याची वाट बघत उभ्या, नातू नवा पासवर्ड ऐकायला टवकारलेला.

"अहो, बदलू नका," ही आतून म्हणाली. "पुढच्या वेळी विचारायचा कोणाला?"