एटीवाले

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. बाकी सगळीकडे ते एटीवाले. 'नोकरी आयटीत आणि जीव एटीत' असं गणपतीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्यांनाही आवडलं असावं, कारण हल्ली व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत ते स्वतः नसतात, गाडीचा मागचा डावा टायर असतो.

एटी म्हणजे ऑल टेरेन. डांबर, खडी, माती, वाळू, कुठेही चालावा असा टायर. ठोकळे मोठे, खाचा खोल, बाजूची भिंत जाड. ही माहिती एटीवाल्यांकडे मागावी लागत नाही. 'यंदा पाऊस बरा आहे, नाही?' एवढं म्हटलं तरी गाडी टायरवर येते. 1976 हे साल निघालं की तुमच्या-माझ्या तोंडी आणीबाणी येते. ते सांगतात, त्या साली अमेरिकेत बीएफ गुडरिचने ऑल टेरेन रेडियल बाजारात आणला. मग घटकाभर थांबतात. आपण काहीतरी बोलावं अशी अपेक्षा असते.

हा माणूस कोथरूड-बावधन पट्ट्यात दर दोन इमारतींआड एक सापडतो. नाशिक, ठाणे, कोल्हापुरातही पीक बरं आहे. ओळखायची खूण सोपी. पार्किंगमध्ये समोर आला की तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, चाकांकडे बघतो. तुमचे टायर साधे असले तर सांत्वन केल्यासारखं हसतो. एटी असले तर खाली वाकून आकार वाचतो आणि त्यानंतरच तुमची, तुमच्या घरच्यांची चौकशी करतो.

2023 च्या जूनमध्ये जिम्नी बाजारात आली आणि एटीवाल्यांनी ती घेतली. कंपनीने तिला 195/80 आर 15 चे टायर दिले होते: गुणी, शांत, डांबराला सोयीचे. यांनी गाडी शोरूममधून घरी न नेता थेट टायरवाल्याकडे नेली. हार बॉनेटवर तसाच होता, पेढे तिथल्या पोरांत वाटले. कोरे टायर उतरवून 235/75 आर 15 चे एटी चढवायचे आणि ते आत घासू नयेत म्हणून सस्पेन्शन वर उचलून घ्यायचं, असा बेत होता. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नावाची एक गोष्ट असते, गाडीत केलेले असले बदल अपघातानंतर विमा कंपनीला फार आवडतात, हे त्यांना एका भाच्याने सांगून पाहिलं. भाचा व्हॅगनआर चालवतो. त्याचं कोण ऐकणार!

दुकानातला सोहळा बघण्यासारखा असतो. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात. पहिल्या दोनांत आठवडा, पुढच्या दोनांत साल. 1823 म्हणजे 2023 मधल्या अठराव्या आठवड्यातला जन्म. एटीवाले खिशातून टॉर्च काढून पाचही टायरांच्या पत्रिका वाचत होते. चारांची जुळली. पाचवा सहा आठवड्यांनी थोरला निघाला. तो त्यांनी बदलून मागितला. दुकानातला पोरगा पाना खाली ठेवून म्हणाला, "साहेब, स्टेपनीला लावायचाय. लग्न नाही करायचं."

यानंतर रीतसर अनुभव सुरू झाले.

पहिला अनुभव आवाजाचा. 80 च्या पुढे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर एटी टायर घुमतात. हे सगळेच मालक जाणतात आणि एकही कबूल करत नाही. 'आठवड्यात कान सरावतात,' असं एटीवाले म्हणतात. त्या आठवड्यात त्यांनी नवीन स्पीकर बसवून घेतले.

दुसरा अनुभव ॲव्हरेजचा. ते पडलं. यावर मात्र एटीवाल्यांचा युक्तिवाद खरोखर ऐकण्यासारखा आहे, कारण तो अर्धा बरोबर आहे. जुन्या चाकाची उंची 693 मिलिमीटर, नव्याची 733. चाक सुमारे सहा टक्क्यांनी मोठं झालं, पण मीटर बिचारा जुन्याच हिशेबाने फेरे मोजतो. म्हणजे तो 100 किलोमीटर म्हणतो तेव्हा गाडी जवळजवळ 106 गेलेली असते. "ॲव्हरेज पडलंच नाही, मीटर कमी सांगतोय!" आणि वेगाचं काय? 80 दिसतात तेव्हा गाडी 85 ला असणार. त्यावरही उत्तर तयार असतं. वेगाचा काटा कंपनीतूनच थोडा फुगवून दाखवतो, तेव्हा तो आता कुठे खरं बोलायला लागला आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे टायर जड आहेत आणि इंजिनाला ते ओढावे लागतात, हा पेट्रोल पंपावरच कळतो आणि तिथे ते एकटेच असतात.

तिसरा अनुभव आईंचा. गाडी उंच झाल्यापासून त्यांना चढायला पाट लागतो. तो पाट आता डिकीत कायमचा असतो, दोरखंड, फावडं आणि हवा भरायच्या पंपाशेजारी. एटीवाले त्याला रिकव्हरी गिअरमध्ये धरतात.

रविवारी सकाळी ते पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतात आणि स्क्रू-ड्रायव्हरने खाचांत अडकलेले खडे काढतात. हे काम मी जवळून पाहिलं आहे. एकेक ठोकळा बोटाने चाचपायचा, खडा दिसला की टोक खाली घालून उचकटायचा, तो टक्कन फरशीवर पडला की उचलून उजेडात धरायचा. तांबडा असला तर कोकण, काळा असला तर सह्याद्री. "हा ताम्हिणीचा," त्यांनी एकदा एक काळा खडा दाखवला. समोरच नाल्याच्या कामासाठी महापालिकेने ओतलेला खडीचा ढीग होता. आम्ही दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

फोर-व्हील-ड्राइव्हची दांडी महिन्यातून एकदा तरी टाकावी, नाहीतर आतलं सगळं आखडतं, असं म्हणतात. म्हणून एटीवाले महिन्याच्या पहिल्या शनिवारी सोसायटीच्या आवारात दांडी मागे ओढून पंपहाउसपासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत जातात आणि परत येतात. पेव्हर ब्लॉक उखडल्याबद्दल त्यांना नोटीस आली आहे. ती त्यांनी जपून ठेवली आहे. त्यांच्या मते गाडीच्या ताकदीचा तो एकमेव लेखी पुरावा आहे.

आता मुळशीचा प्रसंग. श्रावणात धरणाच्या मागच्या बाजूला, डांबर सोडून एका शेताच्या कडेने खाली जाणाऱ्या वाटेवर त्यांनी गाडी घातली. टायरमधली हवा शास्त्राप्रमाणे 18 पीएसआयवर आणली होती. वाळूत हा उपाय छान चालतो. इथे चिकणमाती होती, आणि चिकणमातीपुढे एटी टायरचं काही चालत नाही. खाचा मातीने गच्च भरतात, चाक गुळगुळीत होतं आणि जागच्या जागी फिरत राहतं. मड टेरेन नावाचा वेगळा टायर असतो तो याचसाठी. हे एटीवाल्यांना पाठ होतं. गाडी दारापर्यंत रुतली तेव्हा त्यांनी ते आम्हाला म्हणून दाखवलं.

वरच्या रस्त्यावरून तेवढ्यात एसटी गेली. रिमोल्ड टायरांवर, पन्नास माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर एक सायकल घेऊन.

शेवटी ट्रॅक्टर आला. मालक उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर चप्पल आपटून पाहिली आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय सायेब. पर हितं कशापाय घातली?" साखळी लागली, एका झटक्यात जिम्नी वर आली. पैसे घ्यायला ते तयार होईनात. एटीवाल्यांचं मात्र भलतंच चाललं होतं. ते ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून भिंत पुसत होते. "साइझ काय म्हणायची ही?"

"तेरा-सहा-अठ्ठावीस."

"आणि प्रेशर?"

"हवा थोडीच हाय. पानी भरलंय आत. वजन लागतं ना चिखलात."

एटीवाल्यांनी चाकावरचा हात काढला नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरतात ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात शाळकरी पोराला ठाऊक असते. यांना ती त्या दिवशी कळली. परतीच्या वाटेवर एसटीचा विषय निघाला नाही, चिखलाचा निघाला नाही, फक्त पाण्याचा निघाला. चांदणी चौकापर्यंत. जिम्नीच्या टायरमध्ये असं पाणी भरलं तर, हे वाक्य त्यांनी सुरू केलं तेव्हा आईंनी मागून सांगितलं, "भरलंस तर मी रिक्षाने येईन."

त्यांच्यावर हसणं सोपं आहे. पण खडीच्या वाटेवर दगडाने टायरची भिंत फाटून उभी राहिलेली दुसऱ्यांची गाडी दिसली, तर थांबणारी पहिली गाडी यांची असते. जॅक यांचा, पंप यांचा, टॉर्च यांचा, आणि आईंचा पाटसुद्धा जॅकखाली द्यायला निघतो. चाक बदलून होईपर्यंत व्याख्यान ऐकावं लागतं, तेवढी किंमत द्यायची तयारी ठेवावी.

तुमचं गाव डांबर सोडून आत असेल तर एटी टायर खुशाल घ्या, पण कंपनीने सांगितलेल्या मापातच. पावसात ओल्या डांबरावर त्यांचा ब्रेक साध्या टायरइतक्या लवकर लागत नाही, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर जास्त राखा. बाकी सल्ला विचारायचा असेल तर पुढे बसणाऱ्याला विचारू नका. मागच्या सीटवर त्याची आई असते, तिला विचारा.